निरोपांची घाटवाट

कल्याण–नगर महामार्गावर ओतूर आणि मढ यांच्या दरम्यान डिंगोरे लागते. आळेफाट्याकडून माळशेजचे धबधबे बघायला निघालेल्या गाड्या इथे सहसा थांबत नाहीत. थांबतात ते कांदा-टोमॅटो घेऊन कल्याणच्या बाजाराला निघालेले टेम्पो, तेही चहापुरते. उत्तरेला हरिश्चंद्रगडाची रांग, पश्चिमेला घाटाचा कडा आणि दक्षिणेला जुन्नरचे खोरे वेगळे पाडणारा डोंगर. गाव असे डोंगरांच्या बेचक्यात असले, तरी ते ज्या पट्ट्यात आहे तो देश आणि कोकण यांच्यामधल्या सर्वांत जुन्या दळणवळणाचा पट्टा आहे. ‘दळणवळण’ हा शब्द मराठीत मालाच्या ने-आणीलाही चालतो आणि निरोपाच्याही. जुन्नर तालुक्यात तो दोन्ही अर्थांनी खरा आहे. इथून गोण्या गेल्या, पत्रे गेली, हेर गेले, तोफा आल्या. आणि विसाव्या शतकात उपग्रहाशी बोलणारी देशातली पहिली मोठी तबकडी आणि आकाशाकडे कान लावून बसलेली दुर्बीण, दोन्ही याच तालुक्यात उभ्या राहिल्या. यातली बहुतेक साधने लढाईने घडवली, नाहीतर लढाईच्या धाकाने.

डिंगोऱ्याहून निघून जुन्नर, नाणेघाट, परत जुन्नर, मग नारायणगाव, आर्वी, खोडद आणि आळेफाटा-ओतूरवरून पुन्हा डिंगोरे, हा फेरा दोन दिवसांत आरामात होतो. उदापूरजवळच्या बनकरफाट्यावरून गणेशखिंड ओलांडली की जुन्नरचे खोरे समोर पसरते. तिथून पश्चिमेकडचा रस्ता माणिकडोहाच्या पाण्याकडेने, चावंड किल्ला जवळून दाखवत घाटघरला जातो. घाटघरच्या पुढे जमीन एकदम संपते. खाली कोकण, आणि त्या कड्याला पाडलेल्या चिरेत दगडी फरसबंदीची अरुंद वाट: हाच नाणेघाट.

वाटेच्या तोंडाशी एकाच दगडातून कोरलेला भलामोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते. तिथून चार पावले खाली उतरले की लेणे लागते. आत मूर्ती नाहीत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आता त्यांच्या पायांच्या खुणा आणि डोक्यावर कोरलेली नावे एवढेच शिल्लक आहे. सिमुक सातवाहन, राजा सातकर्णी, राणी नागनिका, कुमार हकुसिरी अशी ती नावे आहेत. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लांबलचक लेख आहे. तो साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. कर्नल साइक्सने १८२८ मध्ये त्याची दखल घेतली आणि पुढे भगवानलाल इंद्रजींनी तो नीट वाचला. लेखात यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या दक्षिणेची: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण. हे आकडे अक्षरांत नाहीत, अंकांत आहेत. भारतीय अंकांच्या इतिहासात म्हणूनच या अंधाऱ्या भिंतीला मोठा मान आहे.

यज्ञांत अश्वमेधही आहे. अश्वमेध हा धार्मिक विधी खराच, पण तो राजकीय जाहीरनामाही आहे. घोडा फिरला तेवढी भूमी आमची, असे सांगणारा. हा जाहीरनामा राजधानीत न कोरता जकातीच्या नाक्यावर कोरला, यात सातवाहनांचे शहाणपण दिसते. घाट चढून दमलेला तांडा इथे थांबणारच. जकात देईपर्यंत त्याला दुसरे काम नाही. वाचता न येणाऱ्यासाठी पुतळे होते, वाचता येणाऱ्यासाठी लेख. लेणे विसाव्याचेही असावे. ऐन उन्हात आत शिरले की अंग निवते, आणि नजर आपोआप भिंतीकडे जाते.

हा घाट कोणाच्या हातात, यावरून पुढे मोठा झगडा झाला. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या नाविक मार्गदर्शिकेत कल्याण बंदराचे नाव आहे. तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी तक्रारही तिच्यात आहे. आजच्या भाषेत ही नाकेबंदी. क्षत्रप नहपानाची सत्ता तेव्हा घाटावर पोचली होती. जुन्नरजवळच्या मानमोडी लेण्यांत त्याच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे. नंतर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. ही बातमी त्याने कशी पसरवली, हे १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे सापडलेल्या घबाडाने दाखवले. तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती, सगळी नहपानाची. पण त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राने स्वतःचे छाप पुन्हा मारलेले होते. शत्रूचा चेहरा तसाच ठेवून त्याच्यावर आपली टेकडी आणि आपले चिन्ह ठोकायचे. नाणे हातोहात फिरते. हरकाऱ्याला पगार द्यावा लागतो, नाण्याला नाही. नवी नाणी पाडण्यापेक्षा जुनीच पुन्हा ठोकणे स्वस्त पडले असेल, हेही आहेच.

नाणेघाटाच्या डोक्यावर जीवधन किल्ला उभा आहे, त्याच्या कुशीला वानरलिंगीचा सुळका. जुन्नरभोवतीची शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन, आणि माळशेजच्या बाजूचा सिंदोळा ही किल्ल्यांची माळ म्हणजे एका अर्थी डोळ्यांची माळ होती. घाटात कोण आले, किती आले, हे वर दिसे. वरून धूर, जाळ, शिंग, कर्णा किंवा तोफेचा बार यांनी पुढे कळे. पन्हाळ्याहून निसटलेले शिवाजी महाराज विशाळगडावर पोचल्याची खूण म्हणून तोफा उडाल्या आणि त्या ऐकेपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड लढवली, ही १६६० ची कथा मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. संपर्काच्या दृष्टीने तिचे सार इतकेच, की तोफेचा बार एकच गोष्ट सांगू शकतो आणि तीही आधी ठरवलेली असावी लागते. ‘पोचलो’ एवढे कळते. ‘पोचलो, पण दोनशे माणसे पाठवा’ हे कळत नाही. त्यासाठी माणूस लागतो, नाहीतर कागद.

माणसांचे काम बहिर्जी नाईकांनी केले. १६६४ च्या सुरतेच्या मोहिमेआधी शहराची खडान्‌खडा माहिती त्यांनी आणल्याचे बखरकार सभासद सांगतो. खुद्द जुन्नरची पेठ शिवाजी महाराजांनी १६५७ च्या एप्रिलमध्ये रात्री छापा घालून लुटली, घोडे आणि रोकड नेली. तटबंद मोगली ठाण्यावर असा छापा नीट बातमीशिवाय पडत नाही. शिवनेरी, जिथे त्यांचा १६३० मध्ये जन्म झाला, तो मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. १६७५ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर मोगल किल्लेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून जुन्नरला आला होता. जाताना तो भलत्याच वाटेने, आंबेगावच्या बाजूच्या आहुपे घाटाने धापा टाकत चढला आणि येताना नाणेघाटाने उतरला. लढाईच्या मुलखात वाटाड्या चुकला की काय होते, ते त्याच्या प्रवासवर्णनात सापडते. शिवाय किल्ल्यावरच्या साठ्याची आणि बंदोबस्ताचीही त्याने बारकाईने नोंद केली. औषधाची पेटी घेऊन आलेला माणूस बातमीही घेऊन जातो, हे किल्लेदाराच्या लक्षात आले होते की नाही कोण जाणे.

कागदासाठी जुन्नरचे नाव दूरवर होते. इथल्या कागदी समाजाच्या वस्तीत हाताने कागद होई. जुने गोणपाट, दोर असा ताग चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, पायाने चालवायच्या उखळात कांडायचा, नदीत धुवायचा, पुन्हा कांडायचा. लगदा हौदात कालवून त्यात काड्यांची जाळी बुडवायची आणि आडवी उचलायची. पाणी गळून गेले की जाळीवर कागदाचा ओला पापुद्रा उरतो. तो भिंतीवर चिकटवून वाळवायचा, खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटाई नीट झाली नाही तर बोरू अडखळतो आणि शाई फुटते. दौलताबादी कागदाबरोबर जुन्नरी कागदही मराठी दफ्तरांत आणि सावकारांच्या चोपड्यांत वापरात होता. चिवट असल्यामुळे घड्या घालून, थैलीत कोंबून, घामात भिजून तो शेकडो कोस टिकायचा. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धंदा आटत गेला.

पत्र नेणारे जासूद बहुधा जोडीने निघत. एक आजारी पडला, पकडला गेला किंवा फितला तर दुसरा असावा म्हणून. जासुदाचा अजुरा किती आणि तो कोणी द्यायचा, हे पत्रातच लिहिलेले आढळते. अगदी निकडीचे असेल तर सांडणीस्वार. मोडी हात न उचलता भराभर लिहिता येते, म्हणून छावणीत ते सोयीचे. शेवटी मोर्तब उमटले की त्यापुढे कोणाला ओळ घुसडता येत नाही. तरीही पत्र फुटायचे. १७६१ च्या जानेवारीत पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती सरकारी जासुदाकडून नव्हे, तर वाटेत हाती लागलेल्या एका सावकारी पत्रातून, असे सांगतात. त्या पत्रात लढाईचा उल्लेखच नव्हता. दगावलेली मोठी माणसे मोत्यांच्या, सरदार मोहरांच्या आणि सामान्य शिपाई चांदी-तांब्याच्या हिशेबात मांडले होते. सावकाराला पैशाची भाषा येत होती, तीच त्याने सांकेतिक केली. सरकारच्या आधी बाजाराला खरी बातमी कळणे, हे पुढे तारेच्या काळातही अनेकदा घडले.

चावंडवर चढताना एका टप्प्याला अंगावर काटा येतो. कातळात कोरलेल्या उंच पायऱ्या मध्येच फुटलेल्या आहेत आणि पुढचा कडा रेलिंगला धरून पार करावा लागतो. ही मोडतोड काळाने केलेली नाही. एप्रिल–मे १८१८ मध्ये मेजर एल्ड्रिजच्या इंग्रज तुकडीने जुन्नरचे किल्ले एकामागून एक घेतले. चावंडवर तोफगोळ्यांचा मारा झाला. जीवधन एक-दोन दिवसांत विनालढाई हाती आला. मग पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, दरवाजे निकामी केले. पुन्हा कोणी वर बसून घाटावर नजर ठेवू नये, एवढाच उद्देश. डोळ्यांची माळ तुटली ती तेव्हा.

त्यानंतर दीडशे वर्षे हा पट्टा निरोपांच्या नकाशातून जवळजवळ पुसला गेला. विल्यम ओशॉनेसीच्या देखरेखीखाली तारेचे जाळे पसरले. १८५४ पर्यंत मुंबई आग्र्याला आणि कलकत्त्याला जोडली गेली आणि १८५५ पासून लोकांना तार करता येऊ लागली. तारेचे खांब आणि रेल्वेचे रूळ दोन्ही बोरघाटाने आणि थळघाटाने वर चढले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या अगदी सुरुवातीच्या आराखड्यांत माळशेज होता, पण चढ न परवडणारा निघाला. बोरघाटातली गाडी १८६३ मध्ये सुरू झाली, थळघाटातली दोन वर्षांनी. मधला जुना राजमार्ग बैलांना आणि पायी चालणाऱ्यांना उरला. माळशेजमार्गे कल्याण–नगर रेल्वेची मागणी अजून निवडणुकीगणिक उजळते, ती या जुन्या हुकलेल्या गाडीची आठवण म्हणायची.

तारेचे लष्करी मोल १८५७ ने दाखवले. ११ मे रोजी दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला गेलेल्या संदेशामुळे पंजाबातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना शिपाई पलटणींच्या आधी बातमी कळली आणि त्यांनी पलटणींची हत्यारे काढून घेतली. बंडवाल्यांनाही ते उमगले. दिसेल तिथे ते तारा तोडू लागले. १८७० मध्ये समुद्राखालच्या केबलने मुंबई थेट लंडनशी जोडली गेली. पण केबल म्हणजे ठरलेल्या जागी पडलेली दोरी, आणि दोरी कापता येते. पहिले महायुद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ ऑगस्ट १९१४ ला पहाटे, ब्रिटिशांनी जर्मनीच्या केबल कापायला घेतल्या. त्याच सप्टेंबरात मद्रासवर गोळे टाकणारी जर्मन ‘एम्डेन’ नोव्हेंबरात कोकोस बेटांवरचे ब्रिटिश केबल-स्थानक उद्ध्वस्त करायला गेली. स्थानकावरच्या लोकांनी तेवढ्यात बिनतारी यंत्रावरून हाक दिली, ‘सिडनी’ ही ऑस्ट्रेलियन क्रूझर धावून आली आणि ‘एम्डेन’चा खेळ संपला. तार तोडणाऱ्याचा घात बिनतारीने केला.

या धड्यातून ब्रिटिशांनी साम्राज्यभर बिनतारी साखळी उभारली आणि तिचे हिंदुस्थानातले टोक पुणे जिल्ह्यातच आले. मार्कोनीच्या ‘बीम’ पद्धतीत लघुलहरी चहूकडे न फेकता झोतासारख्या एका दिशेने सोडत. १९२७ च्या जुलैत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते इंग्लंडशी अशी सेवा सुरू झाली: पाठवणारे केंद्र खडकीला, घेणारे दौंडला. दोन्हींत इतके अंतर ठेवले, कारण स्वतःचाच आरडाओरडा स्वतःच्या कानावर पडू नये. हे तत्त्व पुढे खोडदला फार मोठ्या प्रमाणावर भेटते.

आहुप्याच्या कड्यावरून खाली कोकणात पाहिले की सिद्धगड दिसतो. आंबेगाव आणि मुरबाड तालुक्यांची हद्द इथेच. दुसऱ्या महायुद्धात, ‘चले जाव’च्या काळात, माथेरानचे वीर भाई कोतवाल आपल्या आझाद दस्त्यासह या रानात होते. मुंबईच्या गिरण्यांकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे त्यांनी पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील सिद्धगडावर धारातीर्थी पडले. त्याच्या थोडे आधी, ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत, उषा मेहता आणि त्यांचे सोबती मुंबईत जागा बदलत बदलत ‘काँग्रेस रेडिओ’ चालवत होते. प्रक्षेपकाची दिशा यंत्राने शोधता येते, म्हणून एका घरात फार दिवस राहणे धोक्याचे. सरकारकडे लहरी हुडकणाऱ्या गाड्या होत्या, त्याही युद्धाचेच अपत्य. १२ नोव्हेंबरला हे केंद्र पकडले गेले.

जुन्नरहून नारायणगाव आणि तिथून आर्वी. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात क्रेटच्या भिंती उभ्या असतात आणि फोनवर भाव फुटत असतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी इथून परदेशी फोन लावणे सोपे नव्हते. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होत जातात. तो थर दिवसा एक, रात्री दुसरा, सूर्यावर वादळ झाले की तिसराच. आवाज मध्येच बुडे. उपाय सुचवला तो रॉयल एअर फोर्समध्ये रडारवर काम केलेल्या आर्थर क्लार्कने. विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणजे खालून तो एकाच जागी दिसतो. असे तीन उपग्रह जगाला पुरतील, असा लेख त्याने ऑक्टोबर १९४५ मध्ये छापला. लंडनवर पडणाऱ्या जर्मन व्ही-२ रॉकेटांनी वर जायची वाट दाखवली होती. १९५७ चा स्पुतनिकही क्षेपणास्त्रावरच बसून गेला.

आर्वीचे ‘विक्रम’ भू-केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. त्याच्या तबकडीचा व्यास २९.७ मीटर. हे केंद्र बाहेरून आयते न घेता भारतीय अभियंत्यांनीच उभारावे, हा विक्रम साराभाईंचा आग्रह होता. हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड करून ही तबकडी उभी राहिली आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसचे परदेशी फोन, टेलेक्स तिच्यातून जाऊ लागले. खडकी-दौंडच्या बीम केंद्रांचा वारसाही याच खात्याकडे, १९४७ पासून. १९७१ चा शेवट बांगलादेश युद्धाने झाला आणि ३० डिसेंबरला साराभाई गेले. उपग्रहावरच्या संभाषणात एक चमत्कारिक गोष्ट होती. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. त्या अर्ध्या सेकंदात समोरच्याने ऐकले नाही असे वाटून माणूस पुन्हा बोलू लागे आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळत. १९९० च्या दशकात समुद्राखालच्या काचतंतूंच्या केबल आल्या आणि ती अडचण सुटली. म्हणजे निरोप पुन्हा दोरीवर आला, पुन्हा कापता येण्यासारख्या.

आर्वी आणि खोडद जवळजवळ का, याचे उत्तर डोंगरात आहे. किल्ले बांधणाऱ्याला डोंगर हवा होता तो दूरवर दिसावे म्हणून. रेडिओ अभियंत्याला तो हवा होता आडोशासाठी. मुंबई-पुण्याचे प्रक्षेपण, कारखान्यांच्या ठिणग्या, मोटारींचे इग्निशन या सगळ्या गोंगाटाला सह्याद्रीच्या रांगा आणि आजूबाजूच्या टेकड्या अडवतात.

खोडदच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपला सगळे ‘जीएमआरटी’ म्हणतात. आसपासच्या गावांत नुसते ‘दुर्बीण’. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा साधारण एका चौरस किलोमीटरात एकवटलेल्या, उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन फाट्यांवर पंचवीस किलोमीटरच्या टापूत, शेतांमधून विखुरलेल्या. उसाच्या फडामागून अचानक एक डोके वर काढते. जवळ गेल्यावर कळते की तबकडी भरीव नाहीच. स्टेनलेस स्टीलच्या अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारांची जाळी, मध्ये एक सेंटिमीटरची भोके, कडेला दोन सेंटिमीटरची. तिला खालून दोरखंडांनी ताणून बाक दिलेला. वाऱ्याला ती अडवत नाही, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आवाक्यात राहिला. मीटरभर लांबीच्या लहरींना दोन सेंटिमीटरचे भोक म्हणजे भिंतच. ही युक्ती रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या प्रकल्पाची आखणी १९८० च्या दशकातली, उभारणी नव्वदच्या.

रेडिओ खगोलशास्त्राचे मूळही असेच रणांगणाच्या कडेला आहे. कार्ल जान्स्की १९३० च्या दशकाच्या आरंभी अटलांटिकपार फोनमधली खरखर कुठून येते ते शोधत होता आणि ती आकाशगंगेतून येते असे निघाले. दुसरी गाठ १९४२ ची. फेब्रुवारीत दोन जर्मन युद्धनौका, ‘शार्नहॉर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाउ’, ब्रिटिश रडार बधिर करत इंग्लिश खाडीतून भर दिवसा निसटल्या. हा गोंगाट कसा करतात ते शोधायला जेम्स स्टॅनली ‘हे’ यांना बसवले. महिनाअखेरीस विमानवेधी तोफांची रडारे पुन्हा बधिर झाली, पण जर्मन विमान कुठे नव्हते. सगळ्या ठाण्यांनी कळवलेल्या दिशा ‘हे’ यांनी ताडून पाहिल्या. त्या दिवसभर सूर्याबरोबर सरकत होत्या. सूर्यावर मोठा डाग होता. शोध युद्ध संपेपर्यंत गुप्त राहिला. ती रडारे चार-सहा मीटर लहरींवर चालत. खोडदच्या नावातला ‘मीटरवेव्ह’ त्याच घराण्यातला.

युद्ध संपल्यावर रडारवाले रिकामे झाले आणि अँटेना आकाशाकडे वळल्या. सिडनीची रेडिओफिजिक्स प्रयोगशाळा युद्धकाळात रडारची होती. कोलंबो योजनेतून १९५३ मध्ये गोविंद स्वरूप तिथेच शिकायला गेले. पॉट्स हिल इथल्या दुर्बिणीचे काम संपल्यावर तिच्या सहा फुटी ३२ तबकड्या मोडीत निघणार होत्या. त्या ऑस्ट्रेलियाने भारताला देऊन टाकल्या. पुढे स्वरूप अमेरिकेत असताना १९६२ मध्ये होमी भाभांचे बोलावणे आले, तेही तारेने. त्या ३२ तबकड्या शेवटी कुठे उभ्या राहिल्या, ते या वाटेच्या दुसऱ्या टोकाला.

खोडदला आत जाताना मोबाइल बंद करायला सांगतात. आपल्या खिशातला फोन दुर्बिणीच्या दृष्टीने कानाशी वाजणारा ढोल आहे. विजेच्या तारांवरची सैल जोडणी, टीव्हीचे जुने बूस्टर यांनीही इथल्या शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे सतावले. पण काही गोंगाट गावात जाऊन थांबवता येत नाही. लष्करी उपग्रहांचा एक पट्टा २४० ते २७० मेगाहर्ट्झच्या आसपास आहे आणि दुर्बिणीच्या ऐकण्याच्या पल्ल्यात तो येतो. डोंगराचा आडोसा बाजूने चालतो, डोक्यावरून नाही. ती लहरींची लांबी सोडून द्यायची किंवा नंतर संगणकाने निवडून टाकायची. उलट १९ ऑक्टोबर २०१६ ला याच तबकड्यांनी मंगळावर उतरणाऱ्या ‘शिआपरेली’ यानाचा क्षीण सूर पृथ्वीवरून ऐकला. उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात तो तुटला. यान आदळले होते. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आवार लोकांसाठी खुले होते आणि आसपासच्या शाळांतली पोरे आपापली यंत्रे मांडून बसतात.

खोडदहून आळेफाटा, ओतूर आणि पुन्हा डिंगोरे. इथून पुढे पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी उजवीकडे ठेवत रस्ता मढला आणि माळशेजला जातो, वळणे घेत मुरबाड तालुक्यात उतरतो. वैशाखऱ्याजवळ डावीकडे कड्यात खाच दिसते. रांजण तिच्या वरच्या तोंडाशी. पुढे मुरबाड, मग कल्याण, ज्या बंदरातून सातवाहनकाळी माल नाणेघाटाकडे निघे आणि जिथली जहाजे क्षत्रप अडवीत. सिडनीच्या ३२ तबकड्या १९६५ मध्ये उभ्या राहिल्या त्या इथेच, ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य पाहण्यासाठी. भारतातली ही पहिली मोठी रेडिओ दुर्बीण तीन-चार वर्षे चालली. तिच्यानंतरची १९७० मध्ये उटीच्या उतारावर झाली, आणि तिच्याही नंतरची घाट चढून खोडदला.